कलशावरच्या नारळाला कोंब आलाय, पुढे काय?

या वेळी पत्रांमध्ये माडाच्या भाऊबंदांचेच प्रश्न जास्त आलेत, नारळ, सुपारी, ताडगोळा, खजूर, आणि सगळ्यांचा सूर एकच की बी लावून झाड करायचंय. त्यामुळे गुलाबाची आणि कढीपत्त्याची पत्रं पुढच्या अंकाला ठेवलीत, रागावू नका.

नवरात्रात कलशावर ठेवलेला नारळ उचलायचा राहून गेला, दिवाळीच्या साफसफाईत बघितलं तर शेंडीतून हिरवा कोंब वर आलेला. सासूबाई म्हणतात शुभ आहे, फोडायचा नाही. आमच्याकडे फक्त गॅलरी आहे. कुंडीत जगेल का? नारळ लागतील का? (एक ताई, डोंबिवली)

ताई, सासूबाई म्हणतात तेच करा, फोडू नका. ते आता नारळ राहिलेलं नाही, रोप आहे.

नारळाला तीन डोळे असतात ना, त्यातले दोन टणक आणि एक मऊ, त्या मऊ डोळ्याच्या मागे इवलासा गर्भ असतो. आपण पूजेसाठी शेंडी ठेवतो ती नेमकी या डोळ्यांवर, आणि खाली कलशातलं पाणी, म्हणजे तुम्ही नकळत त्याला सावली, ओल आणि ऊब सगळं दिलंत. आत आता पाण्याच्या जागी पांढरा स्पंजासारखा गोळा तयार होत असणार (कोकणात पोरं तो गोळा खायला टपलेली असतात, गोडसर लागतो). तो गोळा आतलं पाणी पितो, मग खोबरं खातो आणि कोंबाला पोसतो. कित्येक महिने रोपाचं जेवण आतूनच येतं म्हणून आत्ता खत घालू नका, अगदी थोडंसुद्धा.

एक अडचण मात्र आहे. वाडीत रुजवतात तो असोला नारळ, पूर्ण सोडणासकट, आणि ते सोडण म्हणजे पाण्याची टाकी असते. तुमचा नारळ सोललेला, त्यामुळे मुळं बाहेर आली की ती उघडीच, एखादा दिवस कोरडी पडली तरी रोप मागे पडतं. फूट-दीड फूट खोल बादली घ्या, तळाला भोकं पाडा, अर्धी लाल माती, बाकी रेती आणि थोडं कुजलेलं शेणखत. नारळ किंचित आडवा ठेवून निम्मा मातीत, निम्मा वर. जिथून कोंब निघालाय ती जागा पुरायची नाही, तिथे पाणी साचलं की कुजतं. सकाळचं ऊन पुरे.

गॅलरीत दोन-तीन वर्षं पानांसाठी सुंदर दिसेल पण नारळ लागणार नाहीत हे आधीच सांगते. बाणवली या उंच जातीच्या माडाला जमिनीत, चांगल्या मातीत सुद्धा पहिली पोय (फुलोरा) यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर गावी कुणाची जागा असेल तर बघून ठेवा. सोसायटीच्या आवारात लावणार असाल तर खाली गाड्या उभ्या राहतात का, मुलं खेळतात का ते बघा, वीस वर्षांनी त्या उंचीवरून नारळ पडणार आहे. आणि मुंबईच्या बाजारातला नारळ कुठल्या वाडीचा, कुठल्या माडाचा हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे फळ कसं येईल याची हमी नाही. पण घरच्या देवासमोर रुजलेलं झाड म्हणून लावायचं असेल तर हमी कशाला हवी.

आमच्या वाडीत आजोबांच्या हातचे माड आहेत. त्यांच्यापासूनच घरी रोपं करायचीत. खाली पडलेले नारळ गोळा करून रुजत घातले तर चालेल का? (गुहागर तालुक्यातून एक वाचक)

रुजतील. पण दादा, असं करू नका, कळकळीने सांगते. माझ्या स्वतःच्या जागेत मी पूर्वी एका रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून चाळीस रोपं घेतली होती, उंच, हिरवीगार, बघून जीव भुलला. ती गर्दीत सावलीला वाढून उंच झाली होती, आई कोण ते विक्रेत्यालाही माहीत नव्हतं. सात-आठ वर्षं पाणी घातलं, खत घातलं, आणि मग कळलं की त्यातल्या बऱ्याच माडांना धरतंच नाही. भाजी चुकली तर पुढच्या हंगामात सुधारता येते हो, माड चुकला की आयुष्यातली दहा वर्षं गेली.

म्हणून बी मातीत घालायच्या आधी तिची आई बघा. वाडीत फिरा, एक दिवस नाही, वर्षभर. वीस वर्षांच्या पुढचा भर वयातला माड, डोक्यावर तीसच्या आसपास हिरव्या झावळ्या, वर्षाला निदान ८० नारळ देणारा, आणि एक वर्ष भरपूर, एक वर्ष रिकामा असा नाही, दरवर्षी सारखा देणारा. घडाचा दांडा आखूड आणि जाड हवा, लोंबत्या लांब दांड्याचे घड वजनाने मोडतात. वांझ नारळ देणारा माड बी साठी बाद.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गोठ्याशेजारचा, उकिरड्याजवळचा, विहिरीच्या किंवा मोरीच्या कडेचा माड निवडायचा नाही! लोक नेमका तोच निवडतात कारण तो सगळ्यात जास्त लागलेला असतो. पण त्याला लागतंय ते शेणामुळे, पाण्यामुळे, त्याच्या अंगच्या गुणाने नाही, आणि शेण काही बी मधून पुढे जात नाही. वाडीच्या मध्यावर, इतरांइतकंच पाणी मिळून इतरांपेक्षा जास्त देणारा जो माड असेल ना, तो खरा.

नारळ ११-१२ महिन्यांचा पुरता तयार झालेला घ्या, हलवला की पाणी वाजलं पाहिजे. उंच माडावरून बियाण्याचा घड खाली टाकू नका, दोरीला बांधून सोडायला सांगा, आपटला की आतून तडकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मग सावलीत रेतीत, देठ वर करून ठेवा म्हणजे आतलं पाणी आटत नाही. बाणवली नारळ असा महिना-दोन महिने राहतो. ठेंगू जातीचा मात्र पंधरा दिवसांच्या आत लावायचा, त्याला थांबायची सवय नाही.

पावसाच्या तोंडावर वाफ्यात फूट-फूट अंतराने लावा. आडवे लावायचे की उभे यावर आमच्याकडे वाडीवाडीत वाद आहेत. आडव्याचं उगवण थोडं बरं होतं, उभ्याचं रोप उचलायला-न्यायला सोपं जातं, दोन्ही चालतं. वरचं सोडण मातीच्या बाहेर थोडं दिसलं पाहिजे. रेती जास्त घाला, वाळवी कमी लागते. बाणवलीला कोंब साधारण दोन ते चार महिन्यांत येतो. सहा महिने झाले तरी जो उगवला नाही तो काढून टाका, फोडून खोबरं बघण्यात वेळ घालवू नका.

आता खरी परीक्षा. रोपं ९ ते १२ महिन्यांची झाली की त्यातली निवडायची. जी सगळ्यात आधी उगवली, ज्यांचा बुंधा जाड, हाताने मोजलात तर घेर १० सेंटिमीटर किंवा जास्त, पानं सहा तरी, आणि ज्यांची पानं लवकर फाटायला लागली, म्हणजे अखंड पानाची माडासारखी पाती सुटी व्हायला लागली, ती ठेवायची. बाकीची फेकायची, शेजाऱ्याला द्यायची सुद्धा नाहीत, त्याचीही दहा वर्षं जातील. मला माहितीय स्वतः रुजवलेलं जिवंत रोप टाकायला हात उचलत नाही. पण शंभरातली तीस-चाळीस बाद करायची तयारी नसेल तर घरी रोपं करू नका. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आधी नाव नोंदवून घ्या, तिथे आई माहीत असलेली रोपं मिळतात.

आंब्यासारखं नारळाचं कलम मिळत नाही का? (कोल्हापूर)

नाही मिळत. आंब्याच्या खोडात सालीखाली वाढणारा जिवंत थर असतो, तो दुसऱ्या फांदीशी जुळतो. माडाच्या खोडात तसा थरच नाही, फांद्याही नाहीत, डोक्यावर एकच कोंब आणि तो गेला की झाड गेलं. 'कलमी नारळ' म्हणून कुणी विकत असेल तर तो संकरित असतो, म्हणजे एका जातीच्या पोईवरची नरफुलं काढून टाकून तिच्यावर दुसऱ्या जातीचा पराग घालून धरवलेला नारळ रुजवलेला. रोप उत्तम असतं, पण त्याला लागलेला नारळ पुन्हा रुजत घालू नका, पुढची पिढी फुटते, काही उंच काही ठेंगू, काही आजीवर काही आजोबांवर.

माडाच्या खड्ड्यात मीठ घालतात ते खरंच उपयोगी की नुसती समजूत? (मालवण)

समजूत नाही. जांभ्या दगडाच्या जागेत एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा मारून तळाला दोन किलो जाडं मीठ, लावणीच्या सहा महिने आधी, अशी शिफारसच आहे, जांभा त्याने मऊ पडतो आणि मुळं आत शिरतात. शिवाय मिठातलं क्लोरीन माडाला लागतंच. पण हे कोकणातल्या धो धो पावसाच्या, निचऱ्याच्या जमिनीसाठी. सोलापूर-सांगलीकडे काळ्या किंवा आधीच खारवलेल्या जमिनीत हे केलंत तर जमीनच हातची जाईल. आणि रोपाच्या बुंध्याशी मूठभर मीठ टाकतात ते तर कुठेच नको.

निसर्ग वादळात आमची पोफळीची बाग झोपली. सासऱ्यांनी डोळ्यात पाणी आणून सांगितलं की आपल्याच रोठा सुपारीची रोपं परत करायची. पहिल्या वर्षी घरात सुकवून ठेवलेली सुपारी पेरली, एकही उगवली नाही. दुसऱ्यांदा नर्सरीची रोपं लावली ती उन्हाने गेली. आता पुन्हा करतोय, काय चुकलं? (श्रीवर्धन)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ३ जून २०२० नंतर दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड पट्ट्यात मी गेले होते, एका ओळीत शंभर-शंभर पोफळी मधून मोडलेल्या, आणि जिथे बारा महिने सावली असायची तिथे लख्ख ऊन. तुमची दुसरी चूक त्या उन्हातच आहे, पण आधी पहिली सांगते.

सुकलेली सुपारी मेलेली असते. काही बिया सुकून वर्षानुवर्षं झोपतात, गहू-ज्वारीसारख्या, आणि काहींना सुकणं म्हणजेच मरण. सुपारी दुसऱ्या प्रकारातली. तेव्हा दहा वर्षांच्या पुढच्या, चांगल्या धरणाऱ्या पोफळीची (वादळातून जी उभी राहिली तिच्यात अशी असेल तर उत्तमच) पुरती पिकून केशरी झालेली फळं घ्या, सोलायची नाहीत, वाळवायची नाहीत. बादलीभर पाण्यात टाका. जी देठाकडची टोपी वर करून उभी तरंगते ती ठेवा, आडवी पडते ती बाजूला. त्याच आठवड्यात रेतीच्या वाफ्यात दोन-दोन इंचांवर, देठ वर करून, जेमतेम झाकली जाईल एवढीच खोल. वर झावळ्यांची सावली, आणि रोज पाणी. दीड महिन्याने कोंब दिसायला लागतात. दोन-तीन पानं आली की पिशवीत, आणि पिशवीत वर्ष ते दीड वर्ष सावलीत.

आता ऊन. जुन्या बागेत नवीन पोफळ आजीच्या सावलीत वाढायची, म्हणून तुमच्या सासऱ्यांना कधी वेगळी सावली करावी लागली नसेल. आता ती आजी नाही. त्यामुळे पोफळीच्या आधी केळ लावा, आधी म्हणजे निदान सहा महिने. नऊ-नऊ फुटांवर पोफळ आणि मध्ये केळी. नैऋत्येकडून येणारं दुपारचं ऊन सगळ्यात वाईट, ते कोवळ्या खोडाला एका बाजूने भाजतं, तिथे पिवळा डाग पडतो, मग तडा जातो आणि पुढे वाऱ्याला तीच जागा मोडते. त्या बाजूला केळीची ओळ दाट ठेवा. सासऱ्यांना सांगा की बी त्यांच्याच बागेतली घ्या, सावली फक्त वेगळी आणावी लागेल.

लेकीने (वय ८) बाजारातल्या ताडगोळ्यांतले दोन न खाता कुंडीत पेरलेत, रोज पाणी घालते. उगवतील का? (वसई)

नाही उगवणार, आणि तिला कारण सांगा, तिला समजेल. ताडगोळा म्हणजे कोवळी बी, आतला गर अजून जेलीसारखा, तिच्यातलं बाळ तयारच झालेलं नाही. शहाळं पेरून माड येत नाही तसंच.

पण खरा ताड लावायचा असेल तर तिला घेऊन पावसाळ्याच्या शेवटाकडे ताडाखाली जा. काळी-तपकिरी, वास सुटलेली पिकली फळं खाली पडलेली असतात, आत केशरी गर आणि बहुतेक तीन कोया. गर काढून कोया थेट जमिनीत पेरा, कुंडीत नाही. ताडाची कोय उगवते कशी ते बघण्यासारखं आहे, आधी वर काहीच येत नाही, कोयीतून एक जाड पांढरी नळी निघते आणि ती सरळ खाली जाते, हातभर सुद्धा, आणि बाळ त्या नळीच्या टोकाशी असतं. म्हणजे झाड आपल्या बाळाला उन्हापासून, वणव्यापासून, गुरांच्या तोंडापासून लांब खाली नेऊन ठेवतं. तामिळनाडूत हेच खाली गेलेले कंद खणून उकडून खातात. कुंडीत नळी तळाला आपटून वाकडी होते म्हणून कुंडी नको.

पहिलं पान दिसायला वर्ष जाऊ शकतं. खोड दिसायला आणखी काही वर्षं. आणि नर की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही, तोवर लेक वीस-बावीसची होईल. तरी लावा. जागा असेल तर पाच-सहा लावा म्हणजे एखादी तरी मादी निघेल, आणि सुगरणींना घरटी टांगायला नर-मादी दोन्ही सारखेच.

मस्कतला असतो. इथले फर्द आणि खलास जातीचे खजूर आवडतात, त्यांच्या बिया पुण्यात आईच्या अंगणात लावायच्या आहेत. (ओमान)

खजुराची बी सुपारीच्या अगदी उलट, ती सुकून झोपणारी. इस्रायलमध्ये मसाडा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये पेरली आणि ती उगवली, त्या झाडाचं नाव मेथुसेलाह. तो नर निघाला. नंतर तशाच जुन्या बियांतून मादी झाडंही उगवली आणि त्यांच्यातल्या एकीवर त्याचाच पराग घालून खजूर धरले. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा अंगावर काटा येतो.

तुमच्या बाबतीत, बी उगवेल पण फर्द किंवा खलास येणार नाही. बी मधून आलेली निम्मी झाडं नर निघतात आणि उरलेल्या माद्यांचं फळ आईसारखं नसतं, म्हणूनच तिकडचे शेतकरी बुंध्याशी येणारी पिल्लं काढून लावतात. शिवाय पुण्यात फळ पिकायला आणि पाऊस पडायला गाठ पडते आणि घड सडतात. कच्छमध्ये खजूर होतो तो सुद्धा पावसाच्या आधी, अजून कडक लाल-पिवळा असताना उतरवतात. आणि लावण्यासाठी झाडं, पिल्लं, बिया परदेशातून आणायला क्वारंटाइनचे परवाने लागतात, सामानात टाकून आणू नका.

आईला अंगणात खजुराचं झाड हवंय एवढंच असेल तर पुण्यात वाण्याकडच्या खजुराच्या बिया घ्या, दोन दिवस पाणी बदलत भिजवा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात उबेला ठेवा. तीनेक आठवड्यांत पांढरी नळी निघेल. ते मूळ आहे असं समजून लोक पुढे गोंधळतात, कोंब बी पासून थोडा लांब, नळीच्या टोकाजवळून वर येतो, ताडाचीच पद्धत, फक्त छोटी. नळी खाली करून खोल पिशवीत लावा.

नर्सरीतून अरेका पाम आणला, त्याला पिवळी फळं आलीत. सुपारी म्हणून खाता येईल का? (नागपूर)

नाही, नाही! अरेका हे सुपारीचं शास्त्रीय नाव, पण नर्सरीत या नावाने मिळतो तो मादागास्करचा शोभेचा पाम, वेगळंच झाड. फळं खाऊ नका. पिवळीधमक झाली की गर चोळून काढा आणि ताज्या ताज्या बिया रेतीत वरच्यावर पेरा, महिना-दोन महिन्यांत उगवतात. नर्सरीवाले एका कुंडीत बरीच रोपं एकत्र लावतात म्हणून ती भरगच्च दिसते, तुम्हीही तसंच करा.

आमच्याकडे चतुर्थीला माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मांडवाला) भिल्लमाडाचे घोस बांधतात. आता जंगलात लांब जावं लागतं. घराच्या मागे लावला तर? बिया काढताना हाताला भयंकर खाज आली. (सत्तरी, गोवा)

भिल्लमाड, आमच्याकडचा भेरली माड. खाज येते कारण त्याच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, नुसत्या हाताने कधीच काढू नका. रबरी हातमोजे घाला, फळं पोत्यात घालून पायाखाली तुडवा, मग रेतीत घोळवून धुवा, आणि ते पाणी पोरांच्या अंगावर उडू देऊ नका. जंगलात हे काम कांडेचोर (उदमांजर) करतो, फळ खातो आणि बी स्वच्छ करून टाकतो, तेव्हा त्याच्या विष्ठेत बिया सापडल्या तर त्या सगळ्यात सोप्या.

एक लक्षात ठेवा, या झाडाचा फुलायचा काळ आयुष्यात एकदाच येतो. शेंड्याकडून पहिला घोस येतो, मग पुढची काही वर्षं एकेक खाली, आणि शेवटचा खालचा घोस पिकला की झाड मरतं. म्हणून एकदाच दहा लावू नका, दर दोन-तीन वर्षांनी दोन लावा म्हणजे माटोळीला घोस मिळत राहील. ताज्या बिया खोल पिशवीत इंचभर खाली, सावलीत, माती ओलसर, चिखल नाही. सहा महिने काहीच दिसलं नाही तरी पिशवी ओतून बघू नका, कोंब आतल्या आत मोडतो. पिशवीवर तारीख लिहा आणि वर्षभर पाणी घाला.